एक्कावन्न टक्के

नेहरू नगर, भिलाई

प्रिय प्रज्ञा,
जय भीम.

भागीदारीत 51 टक्के तुझ्या नावावर, 49 तुझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थांच्या. शेड त्यांची, लेथ आणि मिलिंगची मशिनं त्यांची, बँकेतली पतही त्यांचीच. तुझ्याकडून हवं ते जातीचं प्रमाणपत्र, इंजिनिअरिंगची पदवी आणि टेंडरच्या कागदांवर सही. बदल्यात महिन्याला ठरलेली रक्कम. ‘आत्या, यात माझा तोटा काय?’ असं तू विचारलंस.

नुसता पैशांचा हिशेब केला तर पहिली दोन-तीन वर्षं काहीच तोटा नाही. पुण्यातल्या नोकरीत हातात येतात त्यापेक्षा थोडे जास्तच येतील, तेही घरबसल्या. म्हणून मी फोनवर लगेच ‘नको’ म्हटलं नाही, नुसतं हूं-हूं केलं. उत्तर लिहूनच द्यावं असं ठरवलं, आणि तू हो म्हणालीस म्हणून छापायलाही देते आहे. अशी बोलणी घेऊन माणसं फिरतात ती काही एकट्या तुझ्या दारी नाहीत.

आधी हे 51 आलं कुठून ते बघ. 2012 साली केंद्र सरकारनं सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून खरेदी करण्याचं धोरण काढलं. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या, म्हणजे आपला भिलाईचा पोलाद प्लांटही, वर्षाच्या खरेदीतला किमान 20 टक्के माल नि सेवा अशा उद्योगांकडून घेतील असं ठरलं. 2015 पासून ते बंधनकारक झालं, 2018 साली वाटा 25 टक्क्यांवर गेला. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी, 3 टक्के बायकांच्या. तू दोन्हीकडे बसतेस, म्हणून तुझा भाव जास्त आहे. वाचायला बरं वाटत नसेल. मला लिहितानाही वाटत नाही. एकट्याचा धंदा असेल तर मालक आपल्या समाजातला हवा, भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान 51 टक्के हिस्सा आपल्या माणसांचा हवा. तुझी किंमत त्या अटीतून निघाली आहे.

सवलती काय, तर अनामत रक्कम भरावी लागत नाही, टेंडरचा फॉर्म फुकट, आणि तुझा दर सगळ्यांत कमी दराच्या 15 टक्क्यांच्या आत असेल तर त्या कमी दरावर उतरून ऑर्डरचा काही भाग तुला घेता येतो. ही शेवटची ओळ पुन्हा वाच. जास्त दर कुणी देत नाही. एखाद्यानं 100 रुपये भरले आणि तू 112, तर तुला 100 वर यावं लागतं. म्हणजे जिला पोलाद व्यापाऱ्याकडून उधारीत, चढ्या भावानं घ्यावं लागतं तिनं, ज्याच्या मशिनांची किंमत केव्हाच वसूल झाली आहे त्याच्या भावात माल द्यायचा. शिवाय बांधकामाची कामं या धोरणात येतच नाहीत, आणि नवा माणूस ठेकेदारीत पाऊल टाकतो ते बहुतेक वेळा तिथूनच. कर्नाटकानं 2017 मध्ये 50 लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जातींना 17.15 आणि जमातींना 6.95 टक्के राखून ठेवले. केंद्राच्या धोरणात तसं काही नाही.

मग त्या 4 टक्क्यांचं काय होतं? जागा रिकामी राहते. पहिली कितीतरी वर्षं देशभरचा आकडा एक टक्क्यालाही पोचला नव्हता, हे सरकारच सांगतं. ‘लायक पुरवठादार मिळत नाहीत’ असा शेरा मारून फाइल बंद करता येते. तुझ्याकडे आलेल्या गृहस्थांना त्या रिकाम्या जागेत शिरायचं आहे, दारावर पाटी तुझ्या नावाची लावून.

मी नोकरीतली बरीच वर्षं स्टोअर आणि खरेदीच्या टेबलांवर काढली, म्हणून असे मालक पाहिले आहेत. एक मुलगा ड्रॉइंगबद्दल काहीही विचारलं की म्हणायचा, ‘सेठला विचारून सांगतो.’ रजिस्टरवर सेठ तोच होता. हुशार पोरगा होता, आयटीआय केलेला. दोन-तीन वर्षांनी ती फर्म बुडाली तेव्हा बँकेची नोटीस बरोबर त्याच्याच पत्त्यावर आली. कागदावर मालक असल्याचा तेवढा एक हक्क त्याला पुरेपूर मिळाला. आईच्या नावचं घर तारण होतं. नाव सांगत नाही, तो अजून इथेच राहतो.

दक्षिण आफ्रिकेत या प्रकाराला ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि तो गुन्हा आहे. तिथे वर्णभेदाची राजवट 1994 मध्ये संपली आणि 2003 साली कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सबलीकरणाचा कायदा झाला. 2013 च्या दुरुस्तीनं फ्रंटिंगला दहा वर्षांपर्यंत कैद आणि कंपनीला वर्षाच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. त्याआधी, 2010 साली, केपटाउनच्या पाण्याच्या कामांतलं एक प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं होतं. पंपांच्या एका कंपनीत 70 टक्के शेअर कृष्णवर्णीयांच्या नावावर दाखवले आहेत, पण ना त्यांना निर्णयात विचारतात ना नफ्यात, असा आरोप होता. नुसती प्रमाणपत्रं बघून भागणार नाही, मुळाशी जाऊन चौकशी करा, असं न्यायालयानं सांगितलं. आपल्याकडे जातीचा दाखला खोटा निघाला तर गहजब होतो. दाखला खरा आणि मालकी खोटी, याची चौकशी कोण करतं?

तिकडच्या कायद्यातलं मला आवडलेलं दुसरंच आहे. मोठ्या कंपनीला गुण द्यायचे ते पाच खात्यांत: मालकी, व्यवस्थापन, कौशल्यशिक्षण, लहान पुरवठादारांची उभारणी, आणि समाजासाठीचा खर्च. 2013 च्या नियमांत एकूण 109 गुणांत मालकीचे 25, पुरवठादार उभे करण्याचे 40 होते. म्हणजे नुसते शेअर वाटून सुटका नाही. कुणाला शिकवलं, कुणाकडून खरेदी केली, कुणाला उधारी आणि मशिनं दिली हेही मोजलं जातं. आपल्या धोरणात मोजायला एकच आकडा, 51.

मग दक्षिण आफ्रिकेत सगळं आलबेल आहे का? मुळीच नाही. बेकारी 30 टक्क्यांच्या वर आहे. मोठे खाण-बँक व्यवहार झाले तेव्हा सत्तेच्या जवळची मूठभर माणसं अब्जाधीश झाली. पॅट्रिस मोत्सेपे त्यांतले, आणि राष्ट्राध्यक्ष होण्याआधी सिरिल रामाफोसाही या व्यवहारांतूनच श्रीमंत झाले. खाणीत उतरणाऱ्याच्या मजुरीशी त्या शेअरांचा संबंध फार थोडा. ही टीका बाहेरच्यांनीच केली असं नाही. मोएलेत्सी म्बेकी, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्षांचेच भाऊ, वर्षानुवर्षं तेच सांगत आले आहेत.

पण या धोरणाला ‘काळ्यांना खिरापत’ म्हणून हिणवणारे गोरे आपली गोष्ट सांगताना अर्धी गाळतात. 1928 साली तिथल्या सरकारनं कायदा करून ‘इस्कॉर’ ही पोलाद कंपनी काढली, 1934 पासून प्रिटोरियात पोलाद निघू लागलं, आणि गरीब गोऱ्यांना काम मिळावं हा त्यामागचा एक उघड हेतू होता. गोऱ्या मजुराला प्राधान्य देणारं सरकारी धोरणच तेव्हा चालू होतं. सरकारी कारखाना, सरकारी रेल्वे, स्वतःच्या बँका नि विमा कंपन्या यांच्या बळावर आफ्रिकानेर समाज दोन पिढ्यांत वर आला. 1993 साली कृष्णवर्णीयांच्या सबलीकरणाचा पहिला मोठा सौदा झाला, त्यात शेअर विकणारी कंपनी होती सॅनलाम. आफ्रिकानेरांनी आपल्या उन्नतीसाठी 1918 मध्ये उभी केलेली. शिडी कुठे ठेवलेली असते हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

पोलादाचा सरकारी कारखाना आणि त्यातून वर आलेला समाज म्हटल्यावर तुला घरचंच आठवेल. तुझे आजोबा तुमसरहून आले तेव्हा भिलाईत नुसता चिखल आणि लोखंड होतं. सोव्हिएत संघाशी करार 1955 चा, पहिली धमनभट्टी पेटली फेब्रुवारी 1959 मध्ये. ते खलाशी म्हणून लागले. भंडारा, नागपूर, राजनांदगावकडची आपली किती माणसं तेव्हा आली! गावात ज्याला विहिरीवर चढू देत नव्हते त्याला इथे क्रेनखाली सगळ्यांसारखंच हेल्मेट मिळालं, सगळ्यांइतकाच पगार, सेक्टरमधलं क्वार्टर, मुलांना शाळा, बायकोला दवाखाना. राखीव जागा होत्याच, पण जागा भरायला आधी जागा असाव्या लागतात, आणि त्या हजारोंनी होत्या. 1980 च्या दशकात खाणी धरून कायम कामगारांचा पट साठ हजारांच्या पुढे गेला होता. नेहरू नगरातल्या आपल्या गल्लीत फिरून बघ, फाटकांवर सगळ्या जातींची आडनावं नांदतात: साहू, बॅनर्जी, नायर, मेश्राम, सतनामी समाजातले दोघं. बहुतेक घरांच्या विटा प्लांटच्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून आल्या आहेत. भारतातल्या दलितांचं आर्थिक सबलीकरण कुठे झालं असं मला विचारलंस तर मी आधी कायम नोकरीच्या हजेरीपटाकडे बोट दाखवीन, उद्योजकांच्या परिषदेकडे नंतर.

तो पट आता आटला. आजच्या कायम कामगारांची संख्या त्या साठ हजारांचा लहानसा हिस्सा आहे, उत्पादन मात्र कमी झालेलं नाही. एकसंध 130 मीटरचे रूळ इथूनच निघतात. फरक भरून काढला मशिनांनी आणि ठेका मजुरांनी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे जोनाथन पॅरी 1990 च्या दशकापासून भिलाईत येऊन राहायचे. त्यांचं ‘क्लासेस ऑफ लेबर’ 2020 मध्ये आलं. कायम कामगार आणि ठेका मजूर हे एकाच वर्गाचे दोन थर राहिलेले नाहीत, ते दोन वेगळे वर्ग झाले आहेत, असं ते म्हणतात. आम्ही नेहरू नगरकर कुठल्या बाजूला आहोत ते सांगायला नको. खुर्सीपारहून किंवा कॅम्पातून सायकलवर गेटवर येणारा पोरगा त्याच भट्टीसमोर उभा राहतो, पण त्याच्या पगारातून नेहरू नगरात प्लॉट होत नाही.

आता तू म्हणशील, म्हणून तर मालक व्हायचं ना? हो. म्हणूनच. पण इथे मला शंकर गुहा नियोगींना मध्ये आणावं लागेल. दल्ली राजहराच्या खाणीतून आपल्या प्लांटला लोहखनिज येतं. तिथल्या ठेका मजुरांची संघटना त्यांनी 1977 मध्ये बांधली, मजुरांच्या पैशांतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल 1983 साली उभं राहिलं. 1990 च्या सुमारास ते भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या मजुरांकडे वळले. मागण्या काय होत्या? कायम नोकरी, जगण्यापुरती मजुरी, संघटना करण्याचा हक्क. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे, झोपेत असताना, त्यांना इथेच गोळी घातली. पुढच्या वर्षी 1 जुलैला पॉवर हाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात डझनाहून जास्त माणसं गेली. ज्या औद्योगिक पट्ट्यात त्या गृहस्थांची शेड आहे, तिथला हा अलीकडचा इतिहास आहे. तुझ्या भावी भागीदारांनी ब्रोशरमध्ये छापला नसेल.

2001 साली सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, आपला प्लांट चालवणाऱ्या स्टील अथॉरिटीच्याच नावानं ओळखला जातो. एखाद्या कामात ठेकेदारी बंद केली तरी ठेका मजूर आपोआप कायम होत नाही, असं त्यात ठरलं. त्यानंतर मजुराला मालक म्हणून दिसतो तो फक्त ठेकेदार. म्हणजे उद्या तू. मजुरी खात्यात पूर्ण जमा करायची आणि शनिवारी त्यातले काही रोख परत घ्यायचे, ही युक्ती देशभरच्या ठेकेदारीत चालते. दलित ठेकेदार ती वापरणार नाही याची हमी जातीच्या दाखल्यावर छापलेली नसते.

डिक्कीच्या कार्यक्रमाला मी एकदा गेले होते. मिलिंद कांबळ्यांनी 2005 साली पुण्यात ही दलित उद्योजकांची संस्था काढली. नोकरी मागणारे नको, देणारे व्हा, हे तिथलं ब्रीद. अशोक खाडे यांची गोष्ट ऐकून मला मनापासून अभिमान वाटला. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचा मुलगा, वडील मुंबईत चपला शिवायचे, आणि आज समुद्रातल्या तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म बांधणारी कंपनी. पण त्या सभागृहात दिवसभर कुणी ठेका मजुराबद्दल बोललं नाही, ते खटकलं. हा आपल्या परंपरेचा भाग आपण गहाळ करत चाललो आहोत. जोतीराव फुले ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला. आणि त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी मजुरांची पहिली संघटना काढली. दोघंही सत्यशोधक. बाबासाहेबांनी 1936 मध्ये पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष, आणि 1942 मध्ये व्हाइसरॉयना निवेदन दिलं त्यात सरकारी ठेक्यांचाही हिशेब मांडला. केंद्रीय बांधकाम खात्याच्या हजारावर ठेकेदारांत अस्पृश्य ठेकेदार एकच होता. सरकारी खरेदीत आपला वाटा मागणं ही काही अमेरिकेतून किंवा आफ्रिकेतून आणलेली कल्पना नाही. सत्तर वर्षांनी सरकारनं 4 टक्के लिहिले ते त्या निवेदनाला दिलेलं उशिराचं, अर्धवट उत्तर आहे. म्हणून ते 4 टक्के सोडायचे नाहीत. आणि विकायचे तर नाहीतच.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळ्यांची गोष्ट तुला आजी सांगायची. संस्थानच्या नोकरीत असताना पाण्याला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना बदडलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना चहाचं दुकान काढायला भांडवल दिलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा पिऊ लागले, बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावू लागले. ही गोष्ट लोक जातीभेदाच्या अंगानं सांगतात, मी खरेदीच्या टेबलावरून वाचते. महाराजांनी भांडवल दिलं, ते पुरलं नाही. मग ते गिऱ्हाईक झाले. आणि दुकानाचा मालक गंगारामच राहिला, पाटीमागे दुसरा कुणी बसला नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. त्या गृहस्थांना नकार दे, आणि भिलाईला ये. स्वतःच्या एकटीच्या मालकीची फर्म काढ, भले दोन जुन्या लेथवर. पहिलं वर्ष प्लांटच्या टेंडरच्या वाटेला जाऊच नकोस, मोठ्या पुरवठादारांची जॉबवर्क कर. हात बसेल, रिजेक्शन कमी होईल. राष्ट्रीय एससी-एसटी हबची एक योजना आहे, कर्जावर घेतलेल्या मशिनांच्या किमतीवर 25 टक्के अनुदान, 25 लाखांपर्यंत. ती सध्या चालू आहे का ते आधी विचार, माझ्या माहितीवर जाऊ नकोस. सगळ्यांत मोठी अडचण ऑर्डर मिळण्याची नसते, बिल निघण्याची असते. कायदा 2006 चा आहे: 45 दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. कायदा दाखवून व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर किती प्रेमानं मिळते ते मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलं आहे. म्हणून तीन-चार महिने बिलाशिवाय मजुरी देता येईल एवढे पैसे बाजूला हवेत. ते माझ्याकडे आहेत. माझ्या ग्रॅच्युइटीतले.

दोन अटी आहेत आणि त्या कागदावर घेईन, आत्या असले तरी. पहिली, बँकेत, जीएसटीत, टेंडरमध्ये सही तुझीच आणि निर्णयही तुझाच, माझाही नाही. दुसरी, पहिल्या मजुरापासून पीएफ आणि ईएसआय, पगार सात तारखेच्या आत, आणि रोख परत घेणं कधीच नाही. वर्षाच्या शेवटी मला नफ्याचा कागद दाखवायच्या आधी मजुरांचं पीएफचं चलन दाखवायचं. ही अट जड वाटली तर मोकळेपणानं सांग. पुण्यातली नोकरीही वाईट नाही.

हथखोज आणि जामुलकडे दोन-तीन शेड बघून ठेवते. भाड्याचं तू बोल, मी नुसती शेजारी उभी राहीन. येताना सगळे कागद मूळ आण, झेरॉक्स चालत नाही, आणि भाऊला म्हणावं त्याचं ते व्हर्निअर कॅलिपर माझ्याकडेच आहे, उगाच शोधू नकोस.

तुझी,
आत्या